भर फाट्यावर घेतलेलं नाव

मी तर्कशास्त्र शिकवते. वसमतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावीला. पोरं-पोरी हा विषय आवडीने घेतात असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाका. गणित नको, इंग्रजी झेपत नाही आणि तर्कशास्त्रात म्हणे मार्क पडतात, म्हणून घेतात. पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिते, 'शब्द वस्तूला कसा चिकटतो?' मागच्या बाकावरून हमखास उत्तर येतं, "डिंकानं, मॅडम." दरवर्षी विनोद तोच, फक्त पोरगं वेगळं असतं. मीही दरवर्षी हसते, कारण खरं सांगायचं तर पुस्तकातली उत्तरं या डिंकाच्या फार पुढे गेलेली नाहीत.

राहते मी कुरुंद्याला, सासरी. घरात मी, नवरा, सासू आणि सासरे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा. म्हणजे जी माझी आत्या नाही ती आत्या, आणि जे मामा नाहीत ते मामा. या घरात शब्दाचं आणि माणसाचं सरळ जमत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

आत्याबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या पिढीतली कोणतीच बाई घेत नाही, त्यात नवल नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. पण इतर बायका फक्त नवऱ्याला नावाने हाक मारायचं टाळतात. आत्याबाईंचा कारभार त्याच्या फार पुढचा. मामांचं नाव एका देवाचं आहे. कोणत्या देवाचं ते मी सांगणार नाही. त्यांनी आयुष्यभर जे तोंडातून काढलं नाही ते मी एका लेखापायी छापून टाकावं, इतकी निलाजरी मी अजून झालेली नाही. तर नाव देवाचं, म्हणून आत्याबाई त्या देवाचंही नाव घेत नाहीत. आरतीत ते नाव आलं की त्यांना बरोबर तिथेच खोकला येतो. गावात त्याच नावाचा एक माणूस पिठाच्या गिरणीजवळ राहतो. त्याला त्या 'आमच्या घरच्याच्या नावाचा, गिरणीपाशीचा' म्हणतात. त्या नावाची उदबत्ती मिळते, तर दुकानदाराला 'ती लाल पुड्याची दे' म्हणायचं. एकदा कंपनीने पुडा निळा केला, तर आत्याबाईंनी चार महिने उदबत्तीच लावली नाही.

देवाला काय म्हणतात? 'देव्हाऱ्यातले डावीकडचे.' आता इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली नसती तरच नवल. एका दिवाळीला मी देव घासले आणि परत मांडताना डावीकडचे उजवीकडे ठेवले. मुद्दाम नाही हो, चुकून! दोन दिवसांनी आत्याबाईंच्या ते ध्यानात आलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं माय! मी त् काल डावीकडच्या देवाला नवस बोलले. कोनाला गेला मंग त्यो?"

मी म्हटलं, "आत्याबाई, बोलताना तुमच्या मनात कोण होतं? जो मनात, त्याला गेला."

त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मनात त् आमच्या घरचेच आले."

मी नवऱ्याला नावाने हाक मारते, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं घरात माझी गणना संकटांतच होत होती. लग्नानंतरच्या आठवड्यात मी अंगणातून त्याला नावाने ओरडून बोलावलं आणि योगायोग असा की त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. "लेकराचं आयुष्य खाते का काय ही!" असं आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, ते मला भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं. मलाही राग आला. ताप डासांनी आणला आणि आळ माझ्यावर! शेवटी तह झाला. घरात 'अहो', आणि वसमतला गेल्यावर मी माझ्या नवऱ्याला काय म्हणते ते माझं मी बघेन.

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग मामा विसरायला लागले.

मामा हळदीचे शेतकरी. ओली हळद शिजली की नाही ते काडी टोचून बघणारे गावात पुष्कळ होते, पण मामा नुसत्या वासावर सांगायचे. ते आधी जेवलेलं विसरायला लागले, मग वावराची वाट. एक दिवस आमच्याच ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "हे घर कोनाचं हाय, बाई? सावली चांगली हाय." त्या दिवशी नवऱ्याने नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. नवरा गाडी लावायला जागा हुडकत होता, म्हणून आत आम्ही तिघंच. डॉक्टरांनी मामांना विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

मामांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग एकदम हायसं वाटल्यासारखे आत्याबाईंकडे बोट करून म्हणाले, "तिला इचारा. घरचं समदं तिच्यापाशी असतंय."

डॉक्टर आत्याबाईंकडे वळले. "सांगा आजी, काय नाव यांचं?"

जगात दुसऱ्या कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं! आत्याबाईंनी पदर पुढे ओढला आणि मला कोपर मारलं. मी तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी हात वर केला. "तुम्ही थांबा मॅडम. आजींना बोलू द्या."

आत्याबाई घामाघूम झाल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खाली मान घालून हळूच म्हणाल्या, "देव्हाऱ्यातले डावीकडचे."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. खुर्ची थोडी पुढे सरकवली. आवाज आणखी गोड झाला. "आजी, आज वार कोणता?"

आत्याबाईंनी वार सांगितला. तिथी सांगितली, वर परवा चतुर्थी आहे तेही सांगितलं. दवाखाना कोणत्या मजल्यावर, येताना कोणकोणती गावं लागली, सगळं फटाफट. डॉक्टर गोंधळले. "छान. आता मालकांचं नाव सांगा बरं." आणि पुन्हा गाडी तिथेच येऊन अडकली. मला हसू दाबून दाबून ठसका लागला. शेवटी मीच डॉक्टरांना सगळं उलगडून सांगितलं, नाहीतर त्या दिवशी आम्ही एकाऐवजी दोघांच्या गोळ्या घेऊन आलो असतो.

डॉक्टरही हसले. पण मग गंभीर झाले. म्हणाले, "यांच्या कानावर रोज नाव पडलं पाहिजे. तुम्ही कोण, गाव कोणतं, आज वार काय, हे सारखं सांगत राहायचं. आणि आजी, दिवसभर सोबत तुम्हीच असता. तुम्हीच नावाने हाक मारत जा. तुमचा आवाज त्यांना सगळ्यात जवळचा."

 घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होते, तिथे येऊन बसल्या.

"नाव घेतलं त् त्यायचं आयुष्य जाईल म्हन्तेत," त्या म्हणाल्या. "न्हाई घेतलं त् ध्यान जाईल म्हन्तो दागदर. मी काय करू, सांग की तूच. शिकेल हायस ना?"

मी म्हटलं, "आत्याबाई, नावाने आयुष्य कमी होत नसतं."

"तुला काय ठाऊक? तू पाहिलंस का करून?" मग सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत म्हणाल्या, "आज सवताचं नाव इसरले. उद्या मला इसरतील. मंग मी कोनाची बायको गं?"

 फळ्यावर लिहून उत्तर देता येईल असला हा प्रश्न नव्हता. मी पिठाचा हात तसाच त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हटलं, बघू, काहीतरी करू. तुम्ही नका घेऊ, दुसरं कुणीतरी घेईल.

दुसरं कोण घेईल, हे शोधायला लागले तेव्हा खरी गंमत कळली. कुणीच नाही! मुलगा त्यांना दादा म्हणतो. मी मामा म्हणते. गावातली लहानथोर माणसं आबा म्हणतात. सालदार मालक म्हणतो. मामांना नावाने हाक मारणारी त्यांची आई कधीच गेली, थोरले भाऊ गेले, शाळेतले सोबती एकेक करून गेले. इतकी वर्षं ते नाव बोलण्यात कुठे वापरातच नव्हतं. मग ते मामा विसरले तर त्यात त्यांचा काय दोष? मी तर म्हणेन, ते नाव आम्ही सगळ्यांनी मिळून विसरलो होतो, मामा फक्त प्रामाणिकपणे बोलले.

एकच माणूस उरला होता. मारुतीच्या पारावर मामांसोबत रोज तंबाखू मळत बसणारे त्यांचे दोस्त. मी पारावर गेले आणि विचारलं, "काका, तुम्ही मामांना काय म्हणून हाक मारता?"

"म्हाताऱ्या म्हन्तो. काहून?"

"नावाने नाही मारत?"

काकांनी तंबाखू मळायची थांबवली. "नाव... थांब बरं. नाव काय त्याचं? आता त् व्हतं तोंडावर." आणि बराच वेळ आठवून त्यांनी मामांच्या थोरल्या भावाचं नाव सांगितलं.

मी त्यांना नाव पाठ करून दिलं आणि सकाळी चहाला बोलावलं. अट एवढीच, की अंगणात उभं राहून मामांना नावाने हाक मारायची. काका खुशीत आले. दुसऱ्या दिवशी चुलीला जाळ लागायच्या आत हजर. छाती फुगवून त्यांनी अशी हाक दिली की शेजारचा कुत्रा उठून पळाला. मामा माजघरात बसलेले. त्यांनी आत्याबाईंना हाक मारली, "अगं, कोनीतरी येऊन राह्यलं. कोनाला तरी हुडकून राह्यलं. सांग त्याला, तसलं कोनी हितं ऱ्हात न्हाई म्हून."

आत्याबाईंच्या हातातली कपबशी वाजली. काकांनी आणखी दोनदा हाक दिली. मग मामाच बाहेर आले, दोस्ताला बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि म्हणाले, "ये म्हाताऱ्या, बस. सकाळधरनं कोन बोंबलून राह्यलं रे?" काकांचा असा अपमान झाला की ते चहा न घेताच गेले. पारावर मात्र दोघांचं तंबाखू मळणं चालूच राहिलं, कारण मामा झालेलं विसरले होते आणि काकांना दुसरं कोणी नव्हतं.

मग मी डोकं चालवलं. मोबाइलमध्ये माझ्याच आवाजात मामांचं नाव भरलं. आत्याबाईंनी फक्त बटण दाबायचं. घेणारी मी, ऐकणारे मामा, आत्याबाई नामानिराळ्या.

"बटन दाबलं त् नाव घेतलं धरतेत का?" त्यांनी विचारलं.

हा तर माझा हातखंडा विषय! मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले आणि समजावलं, की नाव वापरणं वेगळं आणि नावाबद्दल बोलणं वेगळं. 'आबाला बोलाव' म्हटलं तर तिथे माणूस आला. 'आबा हा शब्द दोन अक्षरी आहे' म्हटलं तर माणूस आला नाही, नुसता शब्द आला. आणि मोबाइल तर यातलं काहीच करत नाही, तो नुसता आवाज काढतो. अर्धा तास बोलले मी. वर्गात असं कधी बोलत नाही. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, लसूण सोलता सोलता.

"मंजे," त्या म्हणाल्या, "इळ्यानं भाजी चिरली त् भाजी इळ्यानं चिरली, मी न्हाई?"

मी उठले आणि भाताला फोडणी द्यायला गेले. आता यांना काय सांगणार!

तरीही त्यांनी ते केलं. बोटाभोवती पदर गुंडाळून, डोळे मिटून, बटण दाबलं. मोबाइलमधून माझा आवाज आला, मामांचं नाव खणखणीत. मामांनी फोन उचलला, कानाला लावला, आणि शांतपणे म्हणाले, "राँग नंबर हाय." मग फोन उलटा ठेवून दिला. आत्याबाई हसायला लागल्या. हसता हसता उठून परसात गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. मी मागे गेले नाही. त्या कशासाठी गेल्यात ते मला माहीत होतं.

काही आठवड्यांनी पुन्हा नांदेडला नेलं. गोळ्या बदलल्या, सल्ला तोच. परत येताना वारंगा फाट्यावर गाडीच्या चाकात हवा भरायची होती आणि चहा घ्यायचा होता. मी आणि आत्याबाई हॉटेलच्या मागे बाथरूमला गेलो. नवऱ्याला सांगितलं होतं, दादांकडे लक्ष ठेव. परत आलो तर हवा भरलेली, नवरा फोनवर व्यापाऱ्याशी हळदीच्या भावावरून हुज्जत घालतोय, आणि मागची सीट रिकामी.

"दादा कुठायत?"

"हितंच व्हते की आत्ता," नवरा म्हणाला आणि सीटच्या खाली वाकून बघायला लागला. पाच फूट आठ इंचांचा बाप सीटखाली!

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याचं नावही होतं, अहो-जाहो काही नव्हतं, आणि आत्याबाई शेजारी उभ्या असूनही मला एका अक्षराने बोलल्या नाहीत. त्यावरून समजा त्यांची काय अवस्था झाली असेल. फाटा म्हणजे काय साधी जागा आहे? नांदेडकडे, हिंगोलीकडे, चारी वाटांना गाड्या. एसटी येते, ट्रक उभे राहतात, काळी-पिवळी जीपवाले माणसाला दंडाला धरून आत बसवतात. मामांना कुणी विचारलं असतं, "बाबा, जायचं का?" तर मामा "चला" म्हणाले असते. कुठे जायचं ते त्यांना सांगता आलं नसतं, आणि आपण कोण ते तर नाहीच नाही.

नवरा एसटीच्या बाजूला पळाला. मी हॉटेलं, पानटपऱ्या, टायरची दुकानं पालथी घातली. रस्त्याच्या कडेला द्राक्षाचा एक टेम्पो उभा होता, त्यावर भोंगा, 'गोड गोड द्राक्षं, खाऊन बघा मगच घ्या.' मी द्राक्षवाल्याच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

मामांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हटलं, "वय झालेलं आहे, पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, रंग सावळा. दिसल्यास द्राक्षाच्या टेम्पोजवळ आणावं." वर्गात मी सांगते, की एखाद्याचं नाव माहीत नसलं तरी त्याचं असं वर्णन करता येतं की ते दुसऱ्या कुणालाच लागू पडू नये. त्या दिवशी बाजारवाले, प्रवासी, सगळी भली माणसं मदतीला धावली आणि बघता बघता माझ्यासमोर पांढऱ्या धोतराचे तीन म्हातारे आणून उभे केले. एकाला तर चहाच्या घोटावरून उठवून आणलेलं, कप हातातच. कुणीही मामा नव्हते, आणि वर्णन तिघांनाही जसंच्या तसं लागू होतं.

त्यातला एक तर जायलाच तयार नाही. "मीच त्यो," म्हणाला. "बोला, काय काम हाय?"

"तुम्ही नाही हो काका. आम्ही आमच्या सासऱ्यांना शोधतोय."

"नाव माझंच पुकारलं की! धोतर हाय, टोपी हाय, नाव हाय. मंग मी कसा न्हाई?"

अठरा वर्षं तर्कशास्त्र शिकवतेय. तरी मी नुसतं म्हटलं, "तुम्ही ते नाही आहात, काका, कृपा करा," आणि मला रडू यायला लागलं. मामा मला फार आवडतात. कधी कशावरून बोलले नाहीत मला, मी नोकरी करते म्हणून उलट गावात मिरवायचे. या फाट्यावरून ते कुठल्या तरी जीपमध्ये बसून गेले तर परत सापडणार नाहीत, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

आत्याबाईंनी माझ्या हातातून माइक घेतला.

मला वाटलं, आता या 'डावीकडचे' म्हणणार. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. आणि मामांचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, नाव, बापाचं नाव, आडनाव, राहणार कुरुंदा. भोंग्यातून त्यांचा आवाज सगळ्या फाट्यावर गेला.  फाट्याला काय त्याचं, ट्रक आपले वाजतच होते. त्यांनी पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा नुसतंच नाव घेतलं, मोठ्याने, आणि मग माइक खाली करून उभ्या राहिल्या. काय होतंय याची वाट बघत. मामा सापडायची वाट की काही वाईट घडायची, ते सांगता येणार नाही, दोन्हीची असेल.

आणि पलीकडच्या काळी-पिवळीच्या मागून मामा आले. टोपी वाकडी, हातात अर्धं सोललेलं केळं, आणि चेहरा रागाने लाल.

"लाज न्हाई वाटत का गं तुला?" ते लांबूनच ओरडले. "भर फाट्यावर परक्या माणसाच्या नावानं बोंबलून राह्यली! आन् घरचा माणूस हितं जित्ता बसलाय!"

आत्याबाई बघतच राहिल्या.  मामा तरातरा जवळ आले, टेम्पोपाशी उभ्या राहिलेल्या त्या हट्टी म्हाताऱ्याला त्यांनी खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "ह्योच का त्यो?"

"व्हय, मीच!" तो म्हातारा म्हणाला. अखेर कुणीतरी त्याचं म्हणणं मान्य केलं होतं.

मामांनी केळं खाली टाकलं आणि बाह्या वर केल्या. नवरा धावत येऊन दोघांच्या मध्ये पडला म्हणून बरं, नाहीतर वारंगा फाट्यावर एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्यांची मारामारी झाली असती आणि पोलिसांनी लिहून घेताना डोकं धरलं असतं. द्राक्षवाला इतका हसला की त्याने आम्हाला किलोभर द्राक्षं तशीच दिली.

गाडीकडे जाताना आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. 

"मी नाव घेतलं," त्या कुजबुजल्या. "पन त्यायला सवताचं वाटलंच न्हाई ते. मंग ते लागलं का त्यायला? तुझ्या पुस्तकात काय सांगतेत?"

माझ्या पुस्तकात यावर लंबीचौडी भांडणं आहेत. एकजण म्हणतो लागतं, एकजण म्हणतो नाही लागत, आणि दोघांचंही मला कधी पूर्ण पटलं नाही. मी म्हटलं, "नाही लागलं, आत्याबाई. अजिबात नाही लागलं." इतकं ठाम उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही. त्यांनी माझा हात सोडला आणि डोळे पुसले.

गाडीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले. आत्याबाई त्यांच्या शेजारी. मी पुढे, नवऱ्याच्या बाजूला. फाटा मागे पडला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं लागली, तरी मामा वळेनात. बऱ्याच वेळाने खिडकीकडे बघतच त्यांनी विचारलं, "कोन हाय त्यो?"

"कोन?"

"ज्याला हाका मारून राह्यली व्हती त्यो."

 मी आरशात बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"हाय एक," त्या म्हणाल्या. "कुरुंद्याचाच हाय."

"मला कसा ठावं न्हाई मंग?"

"ठावं व्हता तुमाला. इसरले तुमी."

मामा जरा घुटमळले. "कसा माणूस हाय?"

"रागीट हाय. पन माझ्यावर कधी हात उगारला न्हाई. मह्या बाळंतपनात घरी कोनी नव्हतं, तव्हा सवता भाकरी थापल्या त्यानं. अशा जाडजूड, आन् खालून करपेल."

"तू खाल्ल्या?"

"खाल्ल्या की. रोज खाल्ल्या."

नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला होता. मामा आता वळून आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होते. राग गेला होता. काहीतरी हिशेब त्यांच्या मनात जुळत नव्हता.

"येवढा चांगला व्हता," ते म्हणाले, "त् मंग त्याच्यासंगंच लगीन काहून न्हाई केलं?"

"त्याच्यासंगंच केलं," आत्याबाई म्हणाल्या.

मामा विचार करत राहिले. मग मान हलवली.

"बरं केलं," ते म्हणाले. "तसला माणूस सोडू न्हाई."

"न्हाई सोडत," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांची टोपी नीट केली.